पडत्या काळातले निर्णय : धेंपो स्पोर्ट्स क्लबची वाटचाल

फुटबॉल क्लबचा इतिहास सांगताना सहसा त्याने जिंकलेल्या करंडकांची जंत्री दिली जाते. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबची ती जंत्री चांगली मोठी आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदे, फेडरेशन करंडक, ड्युरँड करंडक, रोव्हर्स करंडक हे सारे तिच्यात आहे. तरीही १९६८ पासूनची या संस्थेची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर विजयांपेक्षा तिच्या पडत्या काळाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. संघ हरत असताना, चांगले खेळाडू सोडून जात असताना, खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की ओढवलेली असताना मालकांनी, प्रशिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी जे ठरवले, त्यावर क्लबचे पुढचे दशक अवलंबून राहिले. खेळाडू विकत आणून संघ जमवायचा, की वेळ देऊन तो घडवायचा, हा प्रश्न या क्लबपुढे पुन्हा पुन्हा आला. दुसऱ्या मार्गावर भर दिला तेव्हा तो उभा राहिला, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेऊन मुलांच्या प्रशिक्षणाकडे वळण्याच्या ज्या निर्णयावर सर्वाधिक टीका झाली, तोच निर्णय क्लबच्या इतिहासात सर्वांत दूरदृष्टीचा ठरतो, असे मी पुढील पुराव्यांवरून मांडणार आहे.

नाशिकच्या वाचकापुढे हा इतिहास ठेवण्यास सबळ कारण आहे. महाराष्ट्रात गेल्या पंधरा-वीस वर्षांत व्यावसायिक फुटबॉल संघ गाजले आणि बंदही पडले. महिंद्र युनायटेड, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी ही नावे आता केवळ आठवणीत उरली आहेत. यांतल्या कोणाकडेही पैसा, उत्साह किंवा नामवंत खेळाडू नव्हते असे म्हणता येणार नाही. मग गोव्यातला एक क्लब साठीच्या उंबरठ्यावर येऊनही मैदानावर का आहे, याचे उत्तर आपल्या शहरात खेळाची संस्था उभी करू पाहणाऱ्या प्रत्येकाने शोधायला हवे.

१९६० चे दशक : मुक्तीनंतरचा गोवा आणि क्लबचा जन्म

गोव्यात फुटबॉल क्लबांच्या कितीतरी आधी आला. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी हा खेळ तेथील मुलांना शिकवला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. चर्चच्या शाळांतून आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडणाऱ्या शेतांतून तो गावोगाव पसरला. १९५९ मध्ये गोवा फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तेथील संघांना भारतातल्या स्पर्धांचे दरवाजे उघडले. त्याच काळात लोहखनिजाच्या निर्यातीने गोव्याचे अर्थकारण पालटत होते. खाणमालकांच्या घराण्यांकडे साधने आली होती, आणि गावोगावच्या तरुणांकडे खेळ आधीपासून होता. साळगावकर, सेसा गोवा आणि धेंपो हे संघ या दोहोंच्या मिलाफातून उभे राहिले.

धेंपो क्लबची मुळे डिचोलीत, म्हणजे खाणींच्या तालुक्यात आहेत. तेथे खेळणाऱ्या स्थानिक संघाला धेंपो समूहाचा आधार मिळाला आणि १९६८ पासून क्लब धेंपो या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४१ साली सुरू झालेल्या या समूहाची सूत्रे तेव्हा वसंतराव धेंपो यांच्याकडे होती. क्लबचा आरंभ समजून घेताना या घराण्याच्या इतर कामांकडेही पाहायला हवे. पणजीचे धेंपे महाविद्यालय १९६२ चे, ‘नवहिंद टाइम्स’ हे दैनिक १९६३ चे, तर ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक १९७० चे. मुक्तीनंतरच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत महाविद्यालय, वृत्तपत्रे आणि फुटबॉल संघ यांची उभारणी एकाच घराण्याच्या आधाराने झाली. फुटबॉल संघाचा विचार जाहिरातीच्या फलकासारखा न होता नव्या गोव्यातल्या एका सार्वजनिक संस्थेसारखा झाला, असा निष्कर्ष यातून काढला तर तो वावगा ठरू नये. पुढे व्यवसाय बदलला तरी क्लब टिकला, याचे एक कारण या आरंभात आहे.

मात्र क्लब केवळ मालकांनी उभा केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मैदानाची डागडुजी करणारे, मुलांना घरून बोलावून सरावाला आणणारे, सामन्याच्या दिवशी बस ठरवण्यापासून जखमी खेळाडूला दवाखान्यात नेण्यापर्यंत सर्व कामे अंगावर घेणारे कार्यकर्ते अशा प्रत्येक क्लबच्या मागे असतात. त्यांची नावे करंडकांवर कोरली जात नाहीत. या लेखात तरी त्यांचे सामूहिक ऋण मान्य केले पाहिजे.

१९७० चे दशक : गोव्याबाहेर ओळख

या दशकात क्लबने गोव्याबाहेर नाव कमावले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरणारी रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ पासूनची. कलकत्त्याचे बलाढ्य संघ, लष्कराचे संघ, मुंबईच्या कंपन्यांचे संघ तिथे उतरत. अशा स्पर्धेत धेंपोने १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळवले. मुंबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या गोमंतकीयांसाठी तो अभिमानाचा प्रसंग होता. कलकत्त्याला हरवता येते, हा विश्वास गोव्यातल्या साऱ्याच संघांना त्यातून मिळाला.

संघात तेव्हा प्रामुख्याने गोव्यातलीच मुले होती. व्यावसायिक करार, खेळाडूंचे दलाल, परदेशी भरती यांपैकी काहीच त्या काळी नव्हते. खेळाडू कंपनीत नोकरी करत आणि संध्याकाळी सरावाला येत. महिन्याचा पगार निश्चित असल्याने खेळाडू दीर्घकाळ एकाच संघात राही आणि संघाची घडी बसे. व्यावसायिक युगाने खेळाडूला अधिक मोबदला दिला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याबरोबर हे स्थैर्य गेले आणि ते पुन्हा कशा प्रकारे मिळवायचे, हा प्रश्न क्लबांपुढे उभा राहिला.

१९८० आणि १९९० ची दशके : चढ आणि उतार

१९८० चे दशक एकूण गोव्याच्या फुटबॉलसाठी वैभवाचे होते. गोव्याने संतोष करंडक प्रथम बंगालबरोबर संयुक्तपणे आणि लगेच पुढच्या वर्षी स्वबळावर जिंकला. १९८६ मध्ये धेंपोने रोव्हर्स करंडक पुन्हा आणला. १९८९ मध्ये मडगावजवळ फातोर्डाचे स्टेडियम उभे राहिले आणि गोव्याला मोठ्या सामन्यांसाठी हक्काची जागा मिळाली.

पुढचे दशक मात्र इतरांचे होते. १९८८ मध्ये स्थापन झालेला चर्चिल ब्रदर्स झपाट्याने वर आला. १९९६ च्या अखेरीस राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि १९९८-९९ मध्ये ती जिंकणारा पहिला गोमंतकीय संघ ठरला साळगावकर. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या क्लबांना या नव्या लीगने हादरा दिला. वर्षातून दोन-तीन करंडक स्पर्धांची तयारी करणे वेगळे आणि महिनोन्महिने देशभर प्रवास करत प्रत्येक आठवड्याला गुण मिळवणे वेगळे. तिथे राखीव फळी लागते, तंदुरुस्तीचे शास्त्र लागते, पूर्णवेळ प्रशिक्षक लागतो. धेंपोला ही जाण यायला काही वर्षे गेली.

२००० चे दशक : एक प्रशिक्षक, एक फळी

नव्या शतकाच्या आरंभी आर्मांदो कुलासो यांच्याकडे संघाची जबाबदारी आली आणि ती दशकभराहून अधिक काळ त्यांच्याकडेच राहिली. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये हे जवळजवळ अपूर्व होते. दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलायचा, ही आपल्याकडची रीत. तिचा मोह टाळणे हा मालकांचा निर्णय होता आणि पुढच्या साऱ्या यशाचा पाया त्या निर्णयात आहे. २००३-०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये धेंपो उपविजेता ठरला. त्यानंतर २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत संघाने पाच वेळा देशाचे विजेतेपद पटकावले : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. यांतले २००७-०८ चे विजेतेपद राष्ट्रीय लीगच्या जागी नव्याने सुरू झालेल्या आय-लीगचे पहिलेच. २००६ मध्ये ड्युरँड करंडक आला. २००८ मध्ये एएफसी करंडकाची उपांत्य फेरी गाठून संघ आशियाच्या नकाशावर पोहोचला. तिथे लेबनॉनच्या साफा संघाने त्याला रोखले.

या वैभवावर एका मृत्यूची छाया आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले आणि दुसरा गोल करतानाच्या धडकेनंतर तो मैदानावर कोसळला, तो उठलाच नाही. संघाने करंडक जिंकला, पण तो उंचावण्याचे बळ कोणात उरले नव्हते. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. भारतातल्या मैदानांवर वैद्यकीय सोय किती तोकडी असते, हे या घटनेने देशाला दाखवले. तो धडा आपण पुरता शिकलो असे आजही म्हणवत नाही. त्याच हंगामात, त्या आघातातून सावरत, संघाने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली.

इथे पहिला आक्षेप येतो. हे यश रँटी मार्टिन्स या नायजेरियन आघाडीपटूचे आणि बेटो या ब्राझिलियन मध्यरक्षकाचे नव्हे काय? २०११-१२ च्या आय-लीगमध्ये एकट्या रँटीने ३२ गोल केले. मग ‘घडवलेला संघ’ ही गोष्ट कुठे उरते? आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परदेशी खेळाडू धेंपोनेही आणले आणि त्यांच्यावाचून पाच विजेतेपदे मिळाली नसती. पण रँटी आणि बेटो २००४ च्या आसपास आले आणि २०१२ च्या सुमारापर्यंत राहिले. परदेशी खेळाडू दर हंगामाला बदलणाऱ्या इतर क्लबांशी ही गोष्ट ताडून पाहावी. त्यांच्याभोवती क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा यांसारख्या गोमंतकीय खेळाडूंची फळी वर्षानुवर्षे एकत्र होती. बाहेरून आलेला खेळाडूही इथे मुरला, एका पद्धतीचा भाग झाला. पैशाने रँटी कोणालाही आणता आला असता. त्याच्या धावण्याची दिशा न पाहता ओळखणारे सहकारी मात्र वर्षानुवर्षांच्या एकत्र सरावाशिवाय मिळाले नसते. गोल झाले ते या जाणतेपणामुळे.

तरीही या सोनेरी काळात एक उणीव राहून गेली, आणि इतिहास लिहिताना ती सांगायलाच हवी. पहिला संघ जिंकत असताना त्याच्यामागे दुसरी फळी पुरेशी तयार झाली नाही. महेश गवळी घडला तो जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत. १९८७ पासून चालणाऱ्या त्या अकादमीने देशातल्या अनेक क्लबांना खेळाडू पुरवले. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या प्रदेशातला मुलगा शिकायला झारखंडात जातो आणि परत येऊन गोव्याच्या क्लबाला विजेता करतो, यात जमशेदपूरचे श्रेय जितके, तितकीच गोव्याच्या क्लबांची राहून गेलेली जबाबदारीही दिसते.

दशकाच्या अखेरीस आणखी एक महत्त्वाची घटना घडली. जून २००९ मध्ये धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला. ज्या खाणींच्या बळावर क्लब उभा राहिला, त्या गेल्या. सुमारे एका वर्षाने महाराष्ट्रात एक वेगळा निर्णय झाला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, १९६२ पासूनचा वारसा सांगणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला आणि शालेय फुटबॉलच्या उपक्रमावर लक्ष देण्याचे ठरले. नाशिककरांना सातपूरच्या कारखान्यामुळे हे नाव घरचे आहे. त्या कंपनीचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेतल्या मुलाला वर पोहोचण्यासाठी ज्या संघाचे स्वप्न पडायचे, तो संघच उरला नाही, तर खालच्या उपक्रमाला टोक राहत नाही. धेंपोने खाणी विकल्यावरही क्लब चालू ठेवला आणि त्याच हंगामात, २००९-१० मध्ये, देशाचे विजेतेपद मिळवले.

२०१० चे दशक : घसरण, माघार आणि नवी पायाभरणी

हे दशक दोन अगदी वेगळ्या भागांत विभागले जाते. पहिल्या भागात २०११-१२ चे विजेतेपद आहे. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाचा विजेता गोव्याचाच होता : धेंपो, चर्चिल किंवा साळगावकर. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्याने केलेला हा पराक्रम भारतीय फुटबॉलमध्ये पुन्हा घडेल असे वाटत नाही.

मग घसरण सुरू झाली. रँटी गेला, बेटो गेला, आर्मांदोही क्लबपासून दूर झाले. दशकभर खेळलेली फळी एकाच वेळी वयाने थकली आणि मागे उभी राहायला हवी होती ती फळी अपुरी पडली. परदेशी प्रशिक्षक आणून पाहिले, पण दोन हंगामांत पद्धत रुजत नाही. बाहेरची परिस्थितीही प्रतिकूल होती. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातले खाणकाम थांबले आणि राज्यातल्या क्लबांच्या आश्रयदात्यांचे उत्पन्न आटले. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली; प्रेक्षक, दूरचित्रवाणी आणि खेळाडू यांचे लक्ष तिकडे वळले. गोव्याचा एफसी गोवा हा संघ उभा करण्यात धेंपो आणि साळगावकर ही घराणीही सहभागी होती. २०१४-१५ च्या अखेरीस तीन वर्षांपूर्वीचा विजेता धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेला.

पडलेला संघ परत उभा करायचा म्हणजे काय करायचे, हा प्रश्न आता मालकांसमोर थेट होता. त्याचे पहिले उत्तर झटपट मिळाले. २०१६ मध्ये संघाने द्वितीय श्रेणी आय-लीग जिंकली आणि आय-लीगमध्ये परतण्याचा हक्क मिळवला. त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातल्या स्पर्धांची जी नवी रचना मांडली, तिच्यात सुपर लीग वरची आणि आय-लीग तिच्याखालची होणार होती. खालून वर जाण्याची वाट त्या वेळी दिसत नव्हती. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी माघार घेतली आणि मैदानावर जिंकलेला हक्क बाजूला ठेवून धेंपोनेही तोच मार्ग धरला. श्रीनिवास धेंपो यांच्या अध्यक्षतेखालील व्यवस्थापनाने राज्य पातळीवरील स्पर्धा चालू ठेवायच्या आणि बळ जुने गोवे येथील एला मैदानावरच्या अकादमीवर लावायचे ठरवले.

या निर्णयावर तीन आक्षेप घेतले गेले आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, क्लब हा केवळ मालकांचा नसतो. डिचोली, पणजीपासून फातोर्डापर्यंत ज्यांनी त्याला आपले मानले, त्यांना विचारले कोणी? दुसरा, ज्या खेळाडूंनी घाम गाळून बढती मिळवली त्यांचे काय? त्यांचे खेळण्याचे वय थांबत नाही. तिसरा, महासंघाचे धोरण चुकीचे असेल तर आत राहून भांडावे, बाहेर पडून नव्हे.

खेळाडूंबाबतचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याला पूर्ण उत्तर देता येत नाही. त्या फळीतल्या काहींची उमेदीची वर्षे या निर्णयाची किंमत म्हणून गेली, हे मान्य करायला हवे. समर्थकांच्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे. समर्थकाची खरी हानी क्लब बंद पडण्यात असते. महाराष्ट्रातली उदाहरणे पाहा. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स त्याच वर्षी बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षे खेळला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली. बालेवाडीत ओरडून घसा बसवणाऱ्या पुणेकरांना कोणीही काही विचारले नाही. ऐपतीबाहेरचा खर्च करत राहायचे आणि एक दिवस कुलूप लावायचे, यापेक्षा खर्च आवरून संस्था जिवंत ठेवणे समर्थकांच्या हिताचे होते. आत राहून भांडण्याबाबत इतकेच म्हणता येईल की, भांडायलाही उभे राहण्यापुरती जमीन लागते, आणि वर जाण्याची वाट नसलेल्या लीगमध्ये कोट्यवधी रुपये घालणाऱ्या क्लबाकडे ती फार काळ राहत नाही.

याहून खोल आक्षेप वेगळाच आहे : पैसा ओतूनही संघ उभा राहतो की. त्याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१ च्या हंगामात संघाने सुपर लीगचे विजेतेपद आणि साखळीतला अव्वल क्रमांक दोन्ही मिळवले. पुढेही यश मिळत राहिले. इतक्या थोड्या वेळात इतका फरक कोणतीही अकादमी घडवू शकत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु हा मार्ग चालतो तो मालकाची इच्छा आणि लीगचे आर्थिक गणित जुळलेले असेतोवर. जुलै २०२५ मध्ये करारांच्या अनिश्चिततेमुळे सुपर लीगचा हंगाम रोखून धरला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या समूहाने मुंबईतून काढता पाय घेतला. महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी केलेल्या व्यावसायिक कराराच्या टेकूवर सारी रचना उभी होती. मुदत संपत येताच तिचा डळमळीतपणा सर्वांना दिसला. दुसरीकडे स्पेनचा अ‍ॅथलेटिक बिलबाओ केवळ बास्क प्रदेशाशी नाते असलेले खेळाडू घेतो, आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना यांच्यासह स्पेनच्या वरच्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेल्या तीन क्लबांत तो आहे. लहान प्रदेशात खेळाची दाट परंपरा असेल तर तिच्यावर विसंबता येते. गोवा तसा प्रदेश आहे.

आपल्याकडे कोल्हापूर आहेच. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार हे संघ शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी खेचतात ते पेठांच्या आणि तालमींच्या जिवावर. त्यांना मालकच नाहीत, म्हणून ते विकलेही जात नाहीत. धेंपोला मालक आहेत, पण त्या मालकांनी क्लब आपल्या माणसांत रुजवला, म्हणून तो या दोन टोकांच्या मधला एक अनुकरणीय नमुना ठरतो.

२०२० नंतर : परतीचा प्रवास

अकादमीतून मुले वर येत गेली, गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिली. २०२३-२४ मध्ये क्लब पुन्हा राष्ट्रीय पातळीवर, आय-लीग २ मध्ये उतरला. प्रशिक्षक होते समीर नाईक, म्हणजे विजेतेपदांच्या काळातला बचावपटू. बेंगळुरूच्या एससी बेंगळुरूमागे दुसरे स्थान मिळवून संघाने बढती मिळवली आणि २०२४-२५ मध्ये, आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या आय-लीगमध्ये, स्वतःच्या बळावर पाऊल ठेवले.

या पुनर्बांधणीची कसोटी २०२५ च्या ऑक्टोबरात लागली. गोव्यात भरलेल्या सुपर करंडक स्पर्धेतून रिअल काश्मीरने माघार घेतल्याने धेंपोला ऐनवेळी प्रवेश मिळाला. परदेशी खेळाडूंविना उतरलेल्या या संघाने ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला गोलशून्य बरोबरीत रोखले. एकेका परदेशी खेळाडूवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या संघांसमोर गोव्यातल्या मुलांनी शेवटच्या मिनिटापर्यंत तग धरला. दोन बरोबरींवरून फार मोठे सिद्धांत मांडू नयेत, हे खरे. विजेतेपद अजून दूर आहे आणि चांगला खेळाडू तयार झाला की श्रीमंत क्लब त्याला घेऊन जातात, हेही खरे. पण ज्या क्लबाकडे दरवर्षी नवी मुले घडत असतात, त्याला एक खेळाडू गेल्याची हळहळ होते, संघ मोडल्याची वेळ येत नाही. २०१२ नंतर नेमके हेच घडू शकले नव्हते. तेव्हा राहून गेलेले काम क्लबने वेळ घेऊन पुरे केले आहे.

नाशिकला फुटबॉलचा मोठा क्लब नाही, मात्र घरच्या घरी खेळाडू घडवण्याचा अनुभव आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने नाशिकच्या मैदानावर सराव करून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, त्यासाठी कोणी संघ विकत घ्यावा लागला नव्हता. एक जाणता प्रशिक्षक, एक मैदान आणि काही वर्षांची चिकाटी एवढ्यावर ते झाले. शहरातल्या शाळांचे मुलगे-मुली दरवर्षी सुब्रतो करंडकाच्या जिल्हा फेरीत खेळतात आणि दहावीनंतर त्यांच्यातले बहुतेक पाय थांबतात. या मुलांसाठी दहावीनंतरचा एक क्लब, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि दहा वर्षे न हटणारे व्यवस्थापन उभे करण्याचे काम नाशिकच्या उद्योजकांनी, शिक्षणसंस्थांनी आणि क्रीडाप्रेमी नागरिकांनी मिळून हाती घ्यावे. २०२८ मध्ये धेंपो क्लबला साठ वर्षे पूर्ण होतील. त्या हीरकमहोत्सवापूर्वी नाशिकच्या संघाचा पहिला सराव सुरू व्हावा, अशी या निमित्ताने कळकळीची विनंती आहे.